घड्याळजींचे रीळ

गरवायला जाणाऱ्या तरुण मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: स्पिनिंगचा जोड घ्यावा की कास्टिंगचा? जोड म्हणजे काठी आणि रीळ, दुकानदाराच्या भाषेत कॉम्बो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की स्पिनिंग हे शिकाऊ माणसाचे आणि कास्टिंग हे मुरलेल्याचे. स्पिनिंगवर वर्षभर हात बसला की मग कास्टिंगची बढती! मला ही समजूत चुकीची वाटते. ही दोन यंत्रे वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या अडचणींवर उपाय म्हणून जन्मली. तो इतिहास ठाऊक असला तर दुकानात उभे राहून डोके खाजवावे लागत नाही.

गळाने मासे धरणे हा राजांचाही शौक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथाची आठवण आपण मराठीवाले काढतो ती त्यातल्या जुन्या मराठीच्या खुणांसाठी. पण ११३० च्या सुमारास रचलेल्या या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात गळ टाकण्याचे साहित्य, माशांच्या जाती व त्यांना चारायचे खाद्य यांची चर्चा आहे. गोव्याचे कदंब या चालुक्यांचे मांडलिक, तेव्हा विषय आपल्या अगदी परसातला आहे. असो. रिळाचा सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा पुरावा मात्र चीनचा. मा युआन या चित्रकाराने सुमारे ११९५ मध्ये काढलेल्या चित्रात एकटाच माणूस होडीत बसून गळ टाकतो आहे आणि त्याच्या काठीला छोटे चाक आहे. इंग्लंडमध्ये अशा चाकाचा उल्लेख १६५१ मध्ये थॉमस बार्करच्या पुस्तकात येतो.

या साऱ्या जुन्या रिळांचे काम एकच: जादा दोरा गुंडाळून ठेवणे. मासा पळाला तर दोरा सोडायचा, दमला की गुंडाळायचा. आमिष लांब फेकायला रिळाचा उपयोग नव्हता. फेकायचेच तर दोरा आधी हाताने ओढून मोकळा ठेवायचा. आपल्याकडे बाटलीला तंगूस गुंडाळून गरी भिरकावतात, त्यातही फेकणारा हातच.

हे बदलले अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी. (केंटकीतही पॅरिस आहे, आणि ते बर्बन काउंटीत आहे.) तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर राहत असे. साधारण १८१० ते १८२० च्या दरम्यान त्याने स्वतःसाठी आणि मित्रांसाठी एक रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेक वेळा फिरते अशी दातेरी चाकांची रिळे लंडनमध्ये आधीपासून विकत होती, पण ती फेकीसाठी नव्हती. स्नायडरने त्याच कल्पनेला घड्याळाची सफाई दिली. फिरकी इतकी हलकी फिरू लागली की आमिषाच्या वजनानेच दोरा सुटत जाई. रीळ प्रथमच फेकीत सामील झाले.

पुढे फ्रँकफर्ट गावचे मीक बंधू, जोनाथन आणि बेंजामिन, आणि त्यांच्याकडे शिकलेला बेंजामिन मायलम यांनी हे काम शिखरावर नेले. हेही घड्याळे आणि दागिन्यांच्या धंद्यातले. पितळ आणि जर्मन सिल्व्हर, हाताने बसवलेला एकेक स्क्रू, आणि पुष्कळदा अंगावर मालकाचे कोरलेले नाव. मुठीचा एक फेरा म्हणजे फिरकीचे चार फेरे, हे केंटकी रिळांचे ठरलेले प्रमाण झाले.

आता खरी अडचण. फेकलेले आमिष हवेच्या विरोधाने मंदावते, पण फिरकी मात्र घेतलेल्या वेगाने फिरतच राहते. बाहेर जाणाऱ्या दोऱ्यापेक्षा आत सुटणारा दोरा जास्त होतो, आणि क्षणात असा गुंता होतो की कात्रीवाचून सुटका नाही. अमेरिकन लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. यावर त्या काळी उपाय एकच होता, फिरकीवर टेकवलेला अंगठा. कधी हलका, कधी घट्ट, आणि आमिष पाण्याला टेकताना पूर्ण दाबलेला. कास्टिंग रिळाचा त्यानंतरचा इतिहास मला या अंगठ्याला मदतनीस शोधण्याचा इतिहास वाटतो.

१८९७ च्या सुमारास मिशिगनमधल्या कॅलामझू गावच्या विल्यम शेक्सपिअर याने (नाटककाराशी फक्त नावाचे नाते) दोरा फिरकीवर सारखा पसरवणारी योजना बाजारात आणली. आडव्यातिडव्या खाचांच्या स्क्रूवर एक छोटी कडी डावी-उजवीकडे सरकते आणि दोरा एका जागी साचत नाही. तोपर्यंत हे कामही अंगठ्याकडेच होते. मग पाळी आली स्वीडनची. स्वॅंगस्टा गावी १९२१ मध्ये खिशातली घड्याळे बनवायला एक कारखाना निघाला. तो पुढे टॅक्सीचे मीटर करू लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिळांकडे वळला. हीच ती आबू कंपनी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या तिच्या लाल अँबॅसडर ५००० मध्ये फिरकीबरोबर फिरणारे छोटे ठोकळे होते. वेग वाढला की ते बाहेर सरकून कडेला घासतात आणि वेग आपोआप आवरतात. सायकलचे भाग करणाऱ्या जपानच्या शिमानो कंपनीची, जी स्वतःही १९२१ चीच, बँटम रिळे १९७८ मध्ये आली. पुढच्या दशकात चुंबकाचे ब्रेक आले, आणि २००३ मध्ये शिमानोने असे रीळ काढले की ज्यात फिरकीच्या फिरण्यातून वीज तयार होते व त्या विजेवर चालणारे यंत्र ब्रेक लावते. अंगठा मात्र अजून निवृत्त झालेला नाही.

काठीही या ओघात बदलली. स्नायडरच्या काळची लांबलचक काठी जिवंत मासोळी हळूच भिरकावायला ठीक होती. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी ब्लॅक बास या माशावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांची काठी सव्वाआठ फुटांची होती. लाकडी खोटी आमिषे आली तशी ती आणखी आखूड आणि ताठ झाली. फाडलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या त्या अमेरिकन काठ्यांचा बांबू सुरुवातीला आपल्या देशातून जाई आणि 'कलकत्ता केन' या नावाने विकला जाई. चीनचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्ता मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आला, १९७३ च्या सुमारास कार्बन.

आणि स्पिनिंग? ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे. आल्फ्रेड इलिंगवर्थ हा गिरणीमालक. गिरणीत बॉबिन जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत येते, ही रोजची गोष्ट. १९०५ मध्ये त्याने याच तत्त्वावर रिळाचे पेटंट घेतले. फिरकी फिरतच नाही, तेव्हा तिला थांबवण्याचा प्रश्नच नाही. चार-पाच ग्रॅमचे आमिषही सहज जाते, कारण त्याला जड फिरकी ओढत न्यायची नसते. मात्र दोरा टोकावरून वेटोळी घेत सुटतो, म्हणून फेक नेमकी जागी थांबवणे जरा कठीण, आणि जाड दोरा त्याला फारसा मानवत नाही.

आता दुकानात या. केंटकीकरांना कास्टिंग का हवे झाले? त्यांचा बास मासा पडलेल्या झाडाखाली, गवताच्या कडेला दबा धरतो. आमिष तिथे वीतभर अंतरावर पडले पाहिजे आणि मासा लागताच ओढून मोकळ्यावर काढला पाहिजे. आपला चोणक थेट याच स्वभावाचा. खारफुटीच्या मुळांत, पुलाच्या खांबापाशी, ओहोटीला खाजनाच्या मानशीच्या तोंडाशी तो असाच टपून असतो. त्याच्यामागे पंधरा-वीस ग्रॅमपासून वरची आमिषे घेऊन जाणार असाल तर कास्टिंगचा जोड घ्या. शेवटे, लहान पालू, हलक्या गरीला लावलेले सुंगट, किंवा समोरून वारा येणारा किनारा असेल तर स्पिनिंगच घ्या, मग तुम्ही तीस वर्षे गरवत असलात तरी. समोरचा वारा आमिषाला थांबवतो, फिरकीला नाही. घरटे तयार!

जोडात आधी काठी पाहावी. तिच्यावर आमिषाचे वजन छापलेले असते, ग्रॅममध्ये किंवा औंसांत (एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम). तुमचे नेहमीचे आमिष त्या आकड्यांच्या मधोमध बसले पाहिजे, कारण काठी वाकली नाही तर फिरकीला वेग देणार कोण? चोणकासाठी साडेसहा-सात फुटांची, मध्यम ते भारी ताकदीची काठी बरी. रीळ वर बसते, म्हणून खाली तर्जनीसाठी आकडा असतो, तो हातात नीट बसतो का बघा. या काठीवर स्पिनिंगचे रीळ लावायचा मोह टाळा, तिच्या कड्या त्या वेटोळ्यांसाठी नाहीत. स्नायडरच्या वारसांचे चारास एक आता सहा-सातास एक झाले आहे. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी असे नाही. उलट त्याच मुठीने ओढायला ते जड जाते. सहाच्या आसपास असलेले बरे.

आणि मिठाचे विसरू नका. गोड्या पाण्यावर जन्मलेले हे यंत्र आपण मांडवी-झुवारीच्या खारट पाण्यावर नेतो. शेक्सपिअरचा तो खाचांचा स्क्रू उघड्यावर असतो, मीठ आणि रेती आधी तिथेच बसते. घरी आल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार, मग पुसून स्क्रूवर तेलाचा एक थेंब. जाहिरातीत बेअरिंग किती ते मोठ्या अक्षरांत लिहितात. ती गंजरोधक आहेत का, हे मी आधी विचारतो.

पहिला आठवडा पाण्याकडे जाऊच नका. आमिषाऐवजी तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा बांधा, काठी समोर धरून फिरकी मोकळी करा आणि बाजूची कळ अशी फिरवा की गोळा सावकाश उतरेल व जमिनीला टेकताच फिरकी थांबेल. मग अंगणात फेकत राहा.