घाटमाथ्याच्या निसर्गनोंदी : वाळलेल्या फांदीपासून छायाचित्रापर्यंत

सामान्य नागरिकांनी स्वतःच्या परिसरातील सजीवांची छायाचित्रे स्थळ-काळासह नोंदवून अभ्यासकांना उपलब्ध करून देणे, या प्रथेला आज ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात. मात्र मावळ आणि लोणावळ्याच्या परिसरात तिची पाळेमुळे कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहेत. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरलेल्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली आणि पुढे १८३९ मध्ये माशांचे वर्णन करताना स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत घातली. शिंगाळा आणि शिंगटी या माशांच्या शास्त्रीय नावांत मराठी शब्द अजून टिकून आहेत, त्यांचा उच्चार साइक्सला ऐकवणाऱ्या मासेमारांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर खंडाळा मुंबईकरांच्या आवाक्यात आला, आणि मुंबईतच १८८३ मध्ये आठ हौशी मंडळींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. १८८६ पासून निघालेल्या तिच्या नियतकालिकात नोकरदार, डॉक्टर आणि शिकारी यांची टिपणे छापली जात. परंतु टिपणाला पुरावा हवा असे, आणि पुरावा म्हणजे बहुधा बंदुकीने टिपलेला पक्षी किंवा कागदावर चिकटवलेली वाळलेली फांदी. या दुसऱ्या प्रकारच्या पुराव्यावर उभा असलेला ग्रंथ म्हणजे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील १९५३ चा अभ्यास. घाटमाथ्यावर चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे तो झपाट्याने उतरतो, त्यामुळे थोड्याच अंतरात वनस्पती बदलतात. अशा प्रदेशात एकाच गावाच्या परिसराचा इतका बारकाईने अभ्यास करणे हा हट्ट होता, आणि तो सार्थ होता.

२००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांनी फांदीची जागा छायाचित्राला दिली. आयनॅचरलिस्टवर दिनांक, स्थान आणि ओळखीबाबत दोन तृतीयांशांहून अधिक सहमती असलेली नोंद संशोधनयोग्य मानली जाते. आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचा बहर कोणत्या उतारावर कधी आला, हे अशा दिनांकित चित्रांतून सहज कळते. उलट अनेक गवते आणि पतंग यांची ओळख सूक्ष्म अवयव तपासल्याखेरीज ठरत नाही, म्हणून तेथे जुना नमुनाच श्रेष्ठ ठरतो.

जुन्या नमुन्याला जोडलेल्या चिठ्ठीवर बहुधा गावाचे किंवा टेकडीचे नाव असे. छायाचित्र मात्र काही मीटरपर्यंत जागा सांगते आणि म्हणून संकटग्रस्त प्रजातींचे स्थान आयनॅचरलिस्ट आपोआप सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर करते. परिणामी राजमाचीजवळच्या एखाद्या दुर्मीळ ऑर्किडची आजची जाहीर नोंद ‘खंडाळा’ एवढेच लिहिलेल्या जुन्या चिठ्ठीपेक्षाही मोघम असू शकते.