बेभरवशाची इंजिने आणि त्यांवर उडालेली माणसे



गिरणीच्या फाटकावर भाषणे करण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने वायुदलाच्या इतिहासावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. मॅट्रिकच्या पुढे मी वर्गात बसलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, आणि हाती येईल त्या क्रमाने. तेव्हा या विषयातला शास्त्रीय अधिकार माझा नव्हे. परंतु इंजिन आणि त्याच्याजवळ उभा असलेला माणूस यांच्यातला व्यवहार हा माझ्या धंद्याचाच विषय आहे, आणि त्या वाटेनेच मी या इतिहासात शिरलो.

आपण वऱ्हाडातली माणसे इंजिनाला नवखी नाही. कापसाने आपल्याकडे जिन आणले, प्रेस आणले आणि शकुंतलाही आणली. मुर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ गाठणाऱ्या त्या गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले, १९२३ साली आपल्या रुळांवर आले आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले. एकाहत्तर वर्षे! ते वाटेत अडले, तर उतारू खाली उतरत, बाभळीच्या सावलीत पानाची चंची सोडत, आणि ड्रायव्हरला चार शिव्या हासडून पुन्हा डब्यात बसत. इंजिन बिघडल्याचा दंड तेवढाच. आकाशात बाभूळ नाही. तेथे इंजिन थांबले की माणसाजवळ काही क्षण उरतात, आणि त्या क्षणांत त्याने काय केले यावर पुढे चौकशी समिती महिनोन्‌महिने बसते.

हिंदी वायुदलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला उभी राहिली. सहा अधिकारी, एकोणीस ‘हवाई शिपाई’ आणि चार वापिटी विमाने, एवढाच तो संसार. वापिटी म्हणजे दोन मजली पंखांचे, उघड्या बैठकीचे जुने धूड. वैमानिकांची नावे पुस्तकांतून आहेत. माझे लक्ष त्या एकोणीस शिपायांकडे जाते. इंजिन उघडणारे, तेलात हात बुडवणारे, आणि त्या काळी गोऱ्या यंत्रज्ञांच्या तोडीचे कधीच न मानले गेलेले असे हे लोक होते. त्यांच्यात हरजिंदरसिंग नावाचा लाहोरच्या कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला एक तरुण होता. शिक्षण असूनही तो साधा हवाई शिपाई म्हणून भरती झाला आणि पुढे एअर व्हाइस मार्शलच्या पदापर्यंत चढला. १९३७ पासून ही विमाने वझिरिस्तानच्या डोंगरांवर उडू लागली. खाली टोळीवाल्यांचा मुलूख होता, म्हणून सरहद्दीवर उडणाऱ्या वैमानिकाच्या खिशात त्यांच्या भाषेतली एक चिठ्ठी असे: या माणसाला जिवंत परत आणाल, तर सरकार बक्षीस देईल. सरकारचा इंजिनावर किती भरवसा होता, हे त्या चिठ्ठीइतके मला दुसऱ्या कोणत्याही कागदाने सांगितले नाही.

आता मी ज्या प्रकरणासाठी हा विषय निवडला, त्याकडे येतो. १९४२ च्या डिसेंबरात आपल्या वायुदलाची सातवी आणि आठवी स्क्वाड्रन उभी राहिली. जपानी ब्रह्मदेश घेऊन दारात आले होते. या दोन्ही तुकड्यांना अमेरिकेहून आलेली व्हल्टी व्हेंजन्स विमाने देण्यात आली. हे दोन माणसांचे, सूर मारून बाँब टाकणारे विमान. दहा-बारा हजार फुटांवरून नाक थेट जमिनीकडे करायचे, विहिरीत दगड पडावा तसे उभे खाली यायचे, बाँब सोडायचा आणि जमीन अंगावर येण्याच्या आत विमान वर उचलायचे. ज्यांनी हे केले ते सांगतात की त्या उभ्या सुरात विमान मोठे स्थिर असे आणि बाँब नेमका पडे. दोष होता तो इंजिनात.

ते राइट कंपनीचे सायक्लोन इंजिन, चौदा सिलिंडरांचे, सोळाशे अश्वशक्तीचे. ते पेट्रोलइतक्याच हौसेने तेल पिई आणि तापे. १९४३ चे बहुतेक वर्ष आपल्या पोरांचे शिकण्यात आणि त्या इंजिनाशी झगडण्यात गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात आठवी स्क्वाड्रन आराकानच्या आघाडीवर गेली. सातवी १९४४ च्या मार्चात आसामातून इंफाळ-कोहिमाच्या लढाईत उतरली. त्या सातवीत एक तरुण वैमानिक होते, प्रतापचंद्र लाल. १९७१ च्या युद्धात तेच वायुसेनाध्यक्ष होते, आणि १९८६ साली, त्यांच्या निधनानंतर, त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. शत्रूची तोफ नेम धरून असते, ती कोठे आहे हे तरी कळते. आपलेच इंजिन केव्हा दगा देईल ते मात्र कळत नाही, आणि खाली सारे अरण्य पसरलेले. अशा मनःस्थितीत ही माणसे दिवसामागून दिवस उडाली.

श्रोतेहो, इतके वाचून मी थांबलो असतो. पण सवयीप्रमाणे मनात आले, ही इंजिने घडवली कोणी? शोधता शोधता अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले, सिनसिनाटी शहराजवळचे लॉकलंड हे गाव सापडले. तेथे राइट कंपनीचा प्रचंड कारखाना होता आणि त्यात याच जातीची सायक्लोन इंजिने बनत. युद्धाच्या खर्चावर नजर ठेवण्यासाठी तिकडच्या सिनेटने एक समिती नेमली होती. तिचे प्रमुख हॅरी ट्रुमन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. या समितीने १९४३ च्या जुलैत आपला अहवाल जाहीर केला. लॉकलंडच्या कारखान्यातून सदोष इंजिने बाहेर पडत होती. चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात होते, नापास ठरायचा माल पास होत होता, आणि लष्कराचे म्हणून जे तपासनीस तेथे बसवले होते, त्यांतले वरिष्ठ कंपनीच्याच ओंजळीने पाणी पीत होते. ज्या खालच्या तपासनिसांनी ‘हे चालणार नाही’ म्हटले, त्यांच्या बदल्या झाल्या. १९४४ साली लष्कराच्या तीन अधिकाऱ्यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. आर्थर मिलर या नाटककाराने याच प्रकरणावरून स्फूर्ती घेऊन लिहिलेले ‘ऑल माय सन्स’ हे नाटक १९४७ साली रंगभूमीवर आले.

बदली! हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवले. गिरणीतल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. यंत्र खराब आहे असे म्हणणाऱ्याला रात्रपाळीत टाकणे, हे शास्त्र ओहायोपासून वऱ्हाडापर्यंत एकच आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो आपणांस पुष्कळसा ठाऊक आहे. बंगलोरच्या कारखान्यात आपले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान रचले. ते १९५१ साली उडाले, पण त्याचे इंजिन परदेशी. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या हाताखाली ‘मरुत’ हे लढाऊ विमान झाले आणि १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. देखणे विमान! परंतु ज्या जोरदार इंजिनासाठी ते आखले होते, त्याचा विकास इंग्लंडात सोडून दिला गेला, आणि मरुतला जन्मभर कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले. बैल लहान आणि बंडी मोठी, असा तो प्रकार. तरी इंजिने दोन होती हे नशीब. १९७१ च्या युद्धात गोळ्यांनी एक इंजिन निकामी झाले असता काही मरुत दुसऱ्या इंजिनावर घरी परतले. पुढे १९८९ साली ‘कावेरी’ या देशी जेट इंजिनाचे काम मंजूर झाले. ते ज्या तेजस विमानासाठी होते, ते मात्र अमेरिकन इंजिनावर उडाले.

आणि मग मिग. १९६३ साली पहिली मिग-२१ विमाने आली, १९६४ साली नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा आपल्या महाराष्ट्रात आणि त्याचे इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, अशी वाटणी होती. शेतात कांदा काढणाऱ्या घरांतली मुले ओझरला आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी विमाने जोडू लागली, ही गोष्ट आम्हां कामगार-चळवळीतल्या लोकांना अभिमानाची आहे आणि मी ती तशीच सांगतो. पण अभिमानाच्या शेजारी दुसरा आकडाही मांडला पाहिजे. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की १९७१-७२ पासून त्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत निरनिराळ्या जातींची ४८२ मिग विमाने अपघातांत गेली, १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले आणि जमिनीवरचे ३९ नागरिकही. कारणे दोन सांगितली, माणसाची चूक आणि यंत्राचा दोष.

या दोन कारणांच्या मधली रेघ कोण ओढतो, हा माझा प्रश्न आहे. मिग-२१ एकाच इंजिनाचे, आणि ते तासाला तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकते. नवशिक्या पोरांना त्यावर बसवण्यापूर्वी मधल्या पायरीचे जेट विमान हवे, असे ला फाँटेन समितीने १९८२ सालीच सांगितले होते. ते हॉक विमान वायुदलात आले २००८ साली. मधल्या सव्वीस वर्षांत एखादा पोरगा चुकला, तर ती चूक एकट्या त्याची कशी म्हणावी? १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगढला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले. ठपका त्यांच्यावर आला. त्यांच्या मातोश्रींनी तो मुकाट्याने स्वीकारला नाही. त्या जाहीरपणे भांडल्या, आणि विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी देशापुढे आणला.

मला येथे आमच्याकडचे एक प्रकरण आठवते. गिरणीचे नाव घेत नाही. कार्डिंग खात्यात एका पोराची तीन बोटे गेली. यंत्रावरचे झाकण दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवले होते. साऱ्या खात्याला ते ठाऊक होते. अहवालात आले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मी तो कागद हातात घेऊन उभा होतो आणि मला एक शब्दही बोलता येईना, कारण त्याच्याखाली साक्षीदार म्हणून आमच्याच माणसाची सही होती.

परंतु यंत्रालाच सर्वस्वी चोर ठरवणे हाही अन्याय होईल. २७ मे १९९९ रोजी, कारगिलच्या युद्धात, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चे इंजिन अग्निबाण सोडल्यानंतर विझले. पर्वतावरची हवा विरळ, आणि अग्निबाणांचा धूर इंजिनाच्या तोंडात गेला. त्यांनी ते पुन्हा पेटवण्याचा यत्न केला, साधले नाही, तेव्हा उडी घेतली. ते शत्रूच्या हाती पडले आणि आठवडाभराने सुटून आले. येथे त्या इंजिनाला त्याच्या कुवतीबाहेरच्या उंचीवर राबवले गेले, आणि युद्धात ते राबवणे भाग होते. मिग-२७ विमाने २०१९ च्या डिसेंबरात जोधपूरला निवृत्त झाली, आणि मिग-२१ ची शेवटची तुकडी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगढला. त्या निरोपाला पुष्कळ म्हातारे वैमानिक जमले होते. ज्या विमानाने त्यांचे सोबती नेले, त्याच विमानाविषयी ही माणसे मायेने बोलतात. जन्मभर एकाच साच्यावर काम केलेला विणकर साचा भंगारात निघताना असाच बोलतो, हे मी पाहिले आहे.

शेवटी आमच्या अकोल्याच्या एका काकाजींविषयी सांगतो. वायुदलात ते इंजिन-फिटर होते, आणि मिगवर त्यांची उमर गेली. आपल्या नागपूरला वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्य ठाणे आहे, तेथल्या गोष्टी काढल्या की त्यांचा चहा निवून जाई. त्यांनी मला सहीची गोष्ट समजावली. विमान सुटण्यापूर्वी एक वही पुढे येते. फिटर तीत सही करतो की मी पाहिले, ठीक आहे. त्याच्या सहीनंतर वैमानिक आपली सही करतो आणि शिडी चढतो. वरच्या माणसाचा जीव खालच्या माणसाच्या अक्षरावर.

मी विचारले, “काकाजी, तुम्ही कधी सही नाकारली?”

ते म्हणाले, “एक डाव. आवाज वेगळा लागला मले. इंजिन बोलते बापू, ऐकाले कान पाह्यजे.”

अधिकाऱ्याने काही न बोलता ते उड्डाण रद्द केले. रात्रभर इंजिन उघडून तपासले. तेल पाहिले, पाती पाहिली. काही म्हणता काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी काकाजींनी त्याच वहीत सही केली आणि विमान उडाले.

“मंग? चुकलाच ना तुम्ही?” मी म्हणालो.

“चुकलो ना,” काकाजी म्हणाले. “पण त्या पोरानं शिडी चढाच्या आंधी माह्या पायाले हात लावला. अन्‌ थे उतरेपर्यंत मी काही जेवलो नाही.”