केडगावची धन्यता

मी शाळेत असतानाची गोष्ट. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आमच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. माझ्या अम्मीने विचारले, "आजी, कुठं उतरणार?" ती म्हणाली, "मुक्तीला." पुढे केडगाव आले आणि आजी पिशवी सावरत उतरल्या. मी मात्र फलाटावरच्या पाटीवर 'मुक्ती' शोधत राहिलो.

मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेले निराधार बायकांचे घर, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बायबलमधली धन्यवचने वाचनात आली तीही त्याच सुमारास. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूचे डोंगरावरचे प्रवचन आहे. त्याच्या आरंभी तो काही माणसांना धन्य म्हणतो. कोण ही माणसे? मनाने दीन असलेली, शोक करणारी, सौम्य, न्यायाची तहानभूक लागलेली, दयाळू, निर्मळ मनाची, समेट घडवणारी आणि न्यायासाठी छळ सोसणारी.

उर्दू बायबलात धन्य या शब्दाला 'मुबारक' आहे. आमच्या घरात मुबारक म्हणायचे ते ईदला, लग्नात, मूल जन्मले की. रडणाऱ्या माणसाला कोणी मुबारक म्हणत नाही. त्यामुळे ही वचने वाचून मी दचकलो. शोक करणारा धन्य कसा? त्याचे सांत्वन होईल, असे येशू म्हणतो. पण होणार कसे आणि करणार कोण? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथापेक्षा रमाबाईंच्या चरित्रात अधिक सापडले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी चालत राहिले. झेलमच्या काठी तर थंडीपासून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेतली होती. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पंचविशी गाठण्याआधी शोकाचे सारे प्रकार त्यांनी पाहून घेतले होते. पदरात मनोरमा ही तान्ही लेक होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले एक काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे सेवा होत होती. त्यांना हिणवले जात नव्हते, नव्याने उभे केले जात होते. हे काम रमाबाईंच्या मनात घर करून बसले. दयाळू ते धन्य, हे त्यांनी आधी हातांनी चाललेले पाहिले. बाप्तिस्मा त्यांनी त्याच वर्षी घेतला.

म्हणून त्या मुकाट्याने मान तुकवणाऱ्या झाल्या, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारले. सौम्यता म्हणजे दुबळेपणा, असा आपला समज असतो. रमाबाईंची सौम्यता दुबळ्यांपुढे होती. अधिकाऱ्यांपुढे त्या ताठ उभ्या राहत.

परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तिथे धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असा शब्द होता. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा संशय अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. आश्रयाला आलेल्या माणसापुढे आश्रय देणाऱ्याचा धर्म उभा राहिला की निवड कितपत मोकळी उरते, हा प्रश्न आजही खरा आहे. पण त्या मुलींना त्या काळी दुसरे दार कुठे उघडे होते, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या. अन्नछत्रांभोवती भटकणाऱ्या, दलालांच्या हाती सापडू शकतील अशा मुली त्यांनी गोळा केल्या आणि शेकडोंनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा तिथली वस्ती दीड हजारावर गेली होती.

एवढ्या तोंडांना केवळ दयेने जेवायला घालता येत नाही. विहिरी खोदल्या, शेती केली, गाई पाळल्या. मुली विणकाम शिकल्या, शिवण शिकल्या, तेलघाणा चालवू लागल्या. छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले इथे माळावर रुजले. धन्यता म्हणजे काय, तर सकाळी उठून पाणी शेंदणे, दळणे आणि शेजारच्या अंथरुणावरच्या तापकरी पोरीला पेज भरवणे.

न्यायाच्या भुकेचाही एक प्रसंग सांगतो. १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचले आणि सरकारची नाराजी त्यांनी ओढवून घेतली.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतची ही पंडिता, पण अवघड शब्द टाळायचे, हा त्यांचा आग्रह होता. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळले पाहिजे. आम्ही कवी शब्दांनी मोठे होऊ पाहतो. त्यांनी शब्द लहान केले. मनाने दीन असणे याहून वेगळे काय असते? १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली. तो घावही सोसून त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात.

शोक करणाऱ्याचे सांत्वन कोण करणार, हा माझा प्रश्न होता. ज्याने स्वतः शोक केला आहे तो, हे रमाबाईंचे उत्तर. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी वीस वर्षांनी दुष्काळातल्या मुलींची आई झाली. आपले दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडले की ते नुसते दुःख राहत नाही. यासाठी कोणत्याही एका धर्माचे असावे लागत नाही.

गाडीतल्या त्या आजी कोणत्या दुःखातून मुक्तीला पोहोचल्या होत्या, ते आम्ही विचारले नाही. एवढेच आठवते की, पाटसला कडेवर पोर घेतलेली एक बाई डब्यात चढली. आजींनी उठून तिला आपली जागा दिली आणि केडगाव येईपर्यंत त्या दाराशी उभ्या राहिल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)