जुन्या मोटारीची मूळ प्रत

इतिहासाची साधने म्हटली की आपले लक्ष ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे यांच्याकडे जाते. दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीस साधन मानण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. वस्तुतः सामान्य माणसाच्या राहणीचा इतिहास ज्या वस्तूंवर उमटला, त्यांत मोटारीचे स्थान लहान नाही. आणि साधन म्हटले की त्याच्या अस्सलपणाचा प्रश्न ओघानेच येतो. जुनी मोटार होती तशीच राखावी, की काळानुरूप फेरफार करून चालती ठेवावी, हा प्रश्न वरवर छंदाचा दिसला तरी मुळात इतिहासाचा आहे. ज्या गुरुग्रामात आम्ही नोकरीनिमित्त राहतो, तेथे तर तो टाळता येण्यासारखा नाही.

२०१६ पर्यंत गुडगाव हे अधिकृत नाव असलेल्या या गावी मारुती उद्योगाचा कारखाना उभा राहिला. ऑक्टोबर १९८२ मध्ये या सरकारी कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. सोडतीत नाव निघालेल्या या गृहस्थांनी नव्या गाडीसाठी आपली फियाट विकली होती. फियाट त्या काळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या उद्योगाची सद्दी संपून दुसऱ्याची सुरू झाली, ती अशा घराघरांतील व्यवहारांनी.

हरपाल सिंग यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत जपली. पुढे ती घराबाहेर गंजत पडली. अखेरीस कंपनीने तिचा जीर्णोद्धार केला, मूळचे सुटे भाग मिळवून तिला पूर्वरूप दिले आणि ती आपल्या दिल्लीच्या मुख्य कचेरीत मांडली. हे काम स्तुत्य होय, यात शंका नाही. तथापि पूर्वरूप देताना काही पुसलेही जातेच. एका कुटुंबाने सत्तावीस वर्षे वापरल्याच्या खुणा हाही त्या गाडीचा इतिहासच होता. राखायचे ते कारखान्यातून निघालेल्या दिवसाचे रूप, की त्यानंतरचे आयुष्य?

शिवाय ‘मूळ’ या शब्दाचा अर्थही वाटतो तितका सरळ नाही. पहिल्या मारुतींतील बहुतेक भाग जपानहून आलेले होते. देशी भागांचे प्रमाण पुढे क्रमाने वाढले. १९८६ मध्ये गाडीचा सांगाडाच बदलला. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निर्बंध कडक झाले, तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन इंधन-फवारणीची पद्धत आली. २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत नाव एकच राहिले, वस्तू मात्र बदलत गेली. म्हणून मूळ म्हणजे अमुक एका तारखेची स्थिती, एवढेच म्हणता येते.

फेरफारामुळे वस्तू भ्रष्ट होते, असेही सरसकट म्हणवत नाही. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचे उदाहरण घ्या. हवेच्या प्रदूषणावरून न्यायालयाचे आदेश झाले आणि त्यांच्या डिकीत गॅसच्या टाक्या बसल्या. आसनांची खोळ बदलली, छताला रंगीबेरंगी नक्षी आली. ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांतील शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा मुंबईकर हळहळला तो त्या बदललेल्या पद्मिनीसाठीच. गॅसच्या टाकीने तिचे पद्मिनीपण हिरावले नव्हते. उलट तिचे आयुष्य वाढवले होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे उचलून धरली. मान्यता घेऊन इंधनाचा प्रकार बदलण्याची वाट मात्र त्याच कलमात मोकळी आहे. राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. २०२५ मध्ये काही सवलत मिळाली, पण डिसेंबरच्या आदेशाने ती बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरती उरली. याउलट जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीचा मान दिला. अट अशी की सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

या दोन नियमांच्या मधली पस्तीस वर्षे म्हणजे गाडीचा वनवासच. पंधराव्या वर्षी जी अडगळ ठरते, तीच पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. दरम्यान जगण्यासाठी तिने हृदय बदलले, तर तो मान कायमचा जातो.

हा हिशेब आमच्यापुरता केवळ तात्त्विक नाही. वडिलांनी १९८९ मध्ये घेतलेली मारुती साताऱ्यास आहे. तिचे इंजिन काढून विजेचा संच बसवावा आणि ती गुरुग्रामास आणावी, असा घरातील तरुणांचा आग्रह. तिला हातही लावू नये, हे वडिलांचे म्हणणे. दोन्ही बाजूंस प्रेमच आहे. एकास ती रोज दिसावी असे वाटते, दुसऱ्यास ती ओळखू यावी असे वाटते. व्हिंटेजचा मान तिला २०३९ मध्ये मिळू शकेल. तेव्हा वडील नव्वदीच्या घरात असतील, हेही या हिशेबात धरावे लागते.

आम्ही कारकुनी पेशाचे. निर्णयासाठी दृष्टांत कचेरीतलाच सुचतो. फाइलीवरील पूर्वीची टिप्पणी कोणी खरवडत नाही. चूक दुरुस्त करायची तर जुना मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ ओढावी, शेजारी नवा मजकूर लिहावा आणि तारखेनिशी सही करावी, हा दंडक आहे. जुन्या मोटारीसही तोच लावावा. ब्रेकचे झिजलेले भाग, टायर, तारा, दिवे हे सुरक्षिततेसाठी अवश्य बदलावेत. काढलेला भाग जपावा आणि काय, केव्हा, का बदलले याची वही ठेवावी. सांगाडा कापणे आणि इंजिन उपटणे ही मात्र खरवड होय. पद्मिनीच्या डिकीतली टाकी उद्या काढता येते. कापलेला सांगाडा पूर्ववत होत नाही.

म्हणून आमची मारुती साताऱ्यासच राहील, आपल्याच इंजिनावर चालेल आणि तिची वही आजपासून सुरू होईल. तरुणांचा हिरमोड होईल खरा. पण वडिलांना ती स्वतः हाकता येते आहे तोवर त्यांच्या हातास परिचित असलेला गिअर तसाच असावा, हे कारण आम्हांस २०३९ च्या मानाहूनही वजनदार वाटते.