टेकलंय की जोडलंय?

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी ऑफिसात एक प्रकार घडला. त्यात चूक माझी होती, आणि ती शोधताना बाबांची एक जुनी गोष्ट आठवली. घरच्यांना ती तोंडपाठ आहे (काकू, तुम्ही हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल :-) ). पण त्या गोष्टीमागे एक छोटासा इतिहास आहे, तो बहुधा त्यांनाही ठाऊक नसेल.

आधी बाबांची गोष्ट. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये डक्टच्या कामावर सुपरवायझर होते. डक्ट म्हणजे वातानुकूलनाची हवा खोल्याखोल्यांत नेणारे जीआय पत्र्याचे चौकोनी बोगदे. डक्ट चढवून झाला की गळती तपासायला 'लाइट टेस्ट' करत. रात्री सगळे दिवे घालवायचे, लांब वायरीला बल्ब बांधून तो डक्टच्या आतून ओढत न्यायचा, आणि बाहेर अंधारात उभं राहून कुठल्या जोडातून उजेडाची रेघ दिसते ते बघायचं. दिसली की खडूनं खूण.

१९७८ साली एका औषध कारखान्यात अशी टेस्ट झाली. कुठेही रेघ दिसली नाही. सगळे खूश, चहा मागवला. पण बाबांना प्रत्येक जोड हातानं हलवून बघायची खोड. तुळईच्या वर एक जोड होता, तिथे शिडी नीट लागत नव्हती. ते कसेबसे चढले, हात लावला, तर जोड चक्क हलला! दोन्ही फ्लँज एकमेकांना टेकलेले, मध्ये गॅस्केट बसवलेलं, म्हणून उजेड बाहेर येत नव्हता. पण नटबोल्ट एकही नव्हता. पंखा सुरू झाल्यावर हवेच्या दाबानं तो उघडलाच असता. तेव्हापासून बाबांचा एक प्रश्न ठरलेला, "टेकलंय की जोडलंय?" पुढे तो त्यांनी आमच्या अभ्यासाला, नात्यांना, सगळ्यालाच लावला, तो भाग वेगळा.

आता इतिहास. आज आपण ज्याला वातानुकूलन म्हणतो त्याची सुरुवात १९०२ सालची मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सॅकेट अँड विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. तिथली अडचण गंमतशीर होती. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापायचा, आणि हवेतला ओलावा बदलला की कागद फुगायचा किंवा आकसायचा. मग दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नसे. नुकताच कॉर्नेलमधून बाहेर पडलेला २५ वर्षांचा विलिस कॅरियर बफेलो फोर्ज कंपनीत नोकरीला होता. त्यानं हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. म्हणजे हा सगळा धंदा सुरू झाला तोच 'एकावर एक नीट बसत नाही' या तक्रारीतून.

त्यानंतर कित्येक दशकं या यंत्रणांचे नकाशे हातानं काढले जात. बाबांच्या वेळचे नकाशे मी पाहिलेत. डक्ट म्हणजे एक रेघ, शेजारी माप लिहिलेलं, बाण हवेची दिशा सांगणारा. त्या कागदावर दोन रेघा मिळतात तिथे काय आहे, एल्बो की टेपर, कॉलर की फांदी, हे निम्मं नकाशात असे आणि निम्मं पत्रेकाम करणार्‍या कारागिराच्या डोक्यात. जोडाचं ज्ञान कागदात नव्हतंच, ते माणसात होतं.

१९६३ साली एमआयटीत आयव्हान सदरलंडनं पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ या भल्यामोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनं चित्र काढायचं. पडद्यावर चित्र काढता येतं यानंच लोक थक्क झाले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. स्केचपॅडला कुठली रेघ कुठल्या रेघेला जोडलेली आहे ते माहीत असे. चौकोनाचा एक कोपरा ओढला की त्या कोपर्‍याला आलेल्या दोन्ही बाजू त्याच्याबरोबर हलत. कारण तो बिंदू दोघींचा एकच होता.

१९७५ साली चार्ल्स ईस्टमन या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकानं आणखी पुढचं सांगितलं. इमारतीचे नकाशे संगणकावर काढण्यापेक्षा इमारतच संगणकात मांडा, नकाशे त्यातून निघतील.

आणि मग काय झालं? १९८२ साली ऑटोकॅड आलं. साध्या पीसीवर चालणारं, त्या मानानं स्वस्त. ड्रॉइंग बोर्ड हळूहळू माळ्यावर गेले. पण त्या छोट्या मशीनमध्ये रेघ म्हणजे फक्त रेघ होती. दोन रेघांची टोकं एका जागी आली तरी त्या एकमेकींना ओळखत नसत. एक हलवली तर दुसरी जागीच राही. स्केचपॅडला जे कळत होतं ते १९ वर्षांनी घरोघरी पोचलेल्या सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. त्याला दोष देत नाही, त्याच्यामुळेच आमच्यासारख्यांच्या टेबलावर संगणक आला. पण जोडाचं ज्ञान पुन्हा माणसाच्या डोक्यातच राहिलं.

ते संगणकात परत आलं रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमधून. लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस या दोघांनी १९९७ साली कंपनी काढली, २००० साली रेव्हिट बाजारात आलं, आणि २००२ साली ते ऑटोडेस्कनं, म्हणजे ऑटोकॅडवाल्यांनीच, विकत घेतलं. सुरुवातीला ते भिंती-दारं-खिडक्यांचं होतं. डक्ट आणि पाइपवाल्यांसाठी त्याची आवृत्ती २००६ साली आली.

यात डक्टच्या प्रत्येक टोकाला एक 'कनेक्टर' असतो. त्याला स्वतःचा आकार आणि माप कळतं, आतली हवा पुरवठ्याची की परतीची ते कळतं, ती आत येतेय की बाहेर जातेय तेही कळतं. दोन कनेक्टर जुळले की हिशेब आपोआप वाहायला लागतो. शेवटच्या डिफ्यूजरपासून बेरीज होत होत आकडा मशीनपर्यंत जातो.

जुळले तर!

आता ऑफिसातला प्रकार. एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरचं काम. तिथे सहा डिफ्यूजर, प्रत्येकी मिनिटाला ५०० घनफूट हवा, म्हणजे एकूण ३०००. परतीची हवा २५००. उरलेली ५०० दाराच्या फटींतून बाहेर ढकलली जावी, म्हणजे कॉरिडॉरमधली हवा, धूळ, जंतू आत येणार नाहीत, असा त्यामागचा विचार. खोलीच्या तक्त्यात ३००० बरोबर दिसत होतं, त्यामुळे कोणी दुसरीकडे पाहिलंच नाही. पंख्याची ऑर्डर जायच्या दोन दिवस आधी मी मशीनजवळच्या मुख्य डक्टवर क्लिक केलं, तर तिथे २०००. त्या आकड्यावर पंखा घेतला असता तर येणारी हवा जाणार्‍या हवेपेक्षा कमी, म्हणजे सगळं उलटं. कॉरिडॉरची हवा थेट पेशंटकडे.

मॉडेल आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीनं केलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. बरंच बोललो.

मग दुरुस्तीला बसलो. यात एक साधी युक्ती आहे. डक्टवर माउस नेऊन टॅबचं बटण दाबत राहायचं. आधी तो तुकडा उजळतो, मग फांदी, मग जोडलेलं सगळं जाळं. उजेड जिथे थांबतो तिथे जोड तुटलेला. बाबांच्या बल्बची उलटी तर्‍हा! मोकळी टोकं दाखवणारी सोयही आहे, ती चालू केली की तिथे पिवळा त्रिकोण येतो. चार डिफ्यूजर उजळले, दोन काळेच राहिले. जवळ जाऊन पाहिलं, बाजूनं छेद घेऊन पाहिलं, फट शून्य. टोकाला टोक तंतोतंत टेकलेलं. पण जोडलेलं नव्हतं.

असं होतं ते कट-पेस्टमुळे. वस्तू उचलून पुन्हा त्याच जागी चिकटवली तर ती जागेवर अचूक बसते, पण तिचं आधीचं नातं परत येत नाही. टोक थोडं मागे ओढून पुन्हा कनेक्टरवर नेऊन सोडावं लागतं. मी तसं केलं, आणि मुख्य डक्टवर ३००० आले.

हे दोन डिफ्यूजर शेवटचे कोणी हलवले तेही मॉडेल सांगतं. पाहिलं. नाव माझं होतं. आदल्या शुक्रवारी घरी जायच्या घाईत मीच ते कापून चिकटवले होते.

दुसर्‍या दिवशी त्या मुलीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. ती "असू दे सर" म्हणाली आणि कामाला लागली. पण त्यानंतर आठवडाभर ती शंका विचारायला माझ्याकडे आली नाही, शेजारच्या टेबलावर जात राहिली.

रविवारी ठाण्याला गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं, स्केचपॅडपासून टॅबच्या बटणापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सदरलंडचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. मग म्हणाले, "पंख्याचं झालं ते बरं झालं. त्या पोरीचं काय? माफी मागून आलास, ते टेकलंय की जोडलंय?"

सोमवारी तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसलो आणि माझंच एक मॉडेल तिला तपासायला दिलं. तिनं पहिल्या दहा मिनिटांत दोन तुटलेले जोड काढले.

असो. बघू.