जुन्या ब्राउझरसाठी नवी भाषा

'थांब' म्हणण्याची सोय जावास्क्रिप्टला फार उशिरा मिळाली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. ही भाषा एका वेळी एकच काम करी. दूरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी ती थांबली, तर सारे पान गोठे. म्हणून 'उत्तर आले की हे कर' अशी चिठ्ठी ठेवून पुढे जायची रीत पडली. चिठ्ठीत चिठ्ठी अडकत गेली आणि प्रोग्रॅम वाचणे कठीण झाले. २०१५च्या प्रमाण आवृत्तीत 'प्रॉमिस' व 'जनरेटर' आले, २०१७च्या आवृत्तीत 'असिंक-अवेट'. 'इथे थांब' असे आता सरळ लिहिता येऊ लागले.

पण २०१३ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ला यातले काहीच कळत नव्हते, आणि मायक्रोसॉफ्टने त्याला निरोप दिला तो जून २०२२मध्ये. तोवर त्याच्या वापरकर्त्यांना दाराबाहेर ठेवायचे का?

बेन न्यूमन यांच्या 'रीजनरेटर'ने वाट काढली. ते फंक्शनचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देते. थांबताना पुढचा क्रमांक जपून ठेवते आणि उत्तर आले की जुन्याच 'स्विच'च्या आधारे तिथून पुढे जाते. 'बेबेल'नेही हीच युक्ती वापरली. 'प्रॉमिस' मात्र नुसत्या रूपांतराने मिळत नाही. ते वेगळे पुरवावे लागते. शिवाय फाइल फुगते, आणि तो भार जुन्या, संथ यंत्रांवरच अधिक पडतो.

भाषेच्या इतिहासात नवे शब्द घडवणारे लक्षात राहतात. ते शब्द मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवणाऱ्यांचीही नोंद तिथे हवी.