दात भरला, पण कडेचं काय?



आज आपण बोलणार आहोत भरलेल्या दाताबद्दल, आणि त्याहून जास्त त्या दाताच्या शेजारी राहणाऱ्या हिरडीबद्दल आणि हाडाबद्दल.

दाढ कोरण्याची कला फार जुनी. आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मेहेरगढ नावाची जागा आहे. तिथं साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली छिद्रं सापडली. छिद्रांच्या कडा चावून चावून घासलेल्या होत्या. म्हणजे दाढ कोरल्यावरही ती माणसं जगली, जेवली.

आपण ज्याला 'चांदी भरणं' म्हणतो, ती मात्र अलीकडची. १८२६ साली पॅरिसमध्ये ओग्यूस्त तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दातात भरला. १८३३ साली क्रॉकूर नावाच्या भावांनी हाच लगदा अमेरिकेत न्यूयॉर्कला नेला. जाहिरात मोठी, काम झटपट. कीड नीट न काढताच ते भोक बुजवून टाकत. त्यावरून तिथल्या दंतवैद्यांमध्ये मोठं भांडण पेटलं. १८४५ साली त्यांच्या संघटनेनं सभासदांकडून लिहून घेतलं की, पाऱ्याचा लगदा वापरणार नाही. या वादात ती संघटनाच १८५६ साली मोडली.

भांडण होतं ते दातात काय भरायचं, याचं. पण भराव हिरडीपाशी कसा संपतो, हा प्रश्न राहिलाच होता.

आता तोंडात काय असतं ते समजून घेऊ. दात हाडात रोवलेला असतो आणि हिरडी त्याला गळपट्टीसारखी घट्ट बसलेली असते. दोन दाढांच्या मधली कीड काढली की तिथं भिंत उरत नाही. म्हणून डॉक्टर दाताभोवती पातळ पत्र्याची पट्टी लावतात, खाली पाचर ठोकतात आणि मग भराव घालतात. आपण स्लॅबला सेंट्रिंग लावतो ना, तसंच. पट्टी ढिली राहिली तर माल खाली हिरडीकडे ओघळतो आणि तिथंच घट्ट होतो. तो छोटासा छज्जा आपल्याला आरशात दिसत नाही.

त्या छज्ज्याखाली अन्न आणि जंतूंचा चिकट थर साचतो. ब्रश तिथं पोचत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर आतलं हाड हळूहळू खाली सरकतं. हाड गेलं की न किडलेला दातही हलायला लागतो.

हे कळायला वेळ लागला. १८७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन रिग्ज यांनी सांगितलं की हिरड्यांच्या रोगाचं मूळ दातावर साचलेल्या घाणीत आहे, ती खरवडून काढा. पुढे शिकागोचे ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांनी चांदीच्या भरावाचं प्रमाण बसवून दिलं. त्याच ब्लॅक यांनी १९१२ साली भरावाच्या बाहेर आलेल्या कडा हिरड्यांना बाधतात, हेही लिहिलं. १९२५ साली हॉवर्ड रेपर यांनी दातांत चावून धरायची छोटी एक्स-रे फिल्म काढली. तिच्यात भरावाची कड आणि तिच्या शेजारचं हाड, दोन्ही एकत्र दिसू लागलं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्यात त्या बऱ्या झाल्या. १९८३ साली निक्लाउस लांग आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम कड बाहेर ठेवलेले भराव बसवून पाहिले. कडेखालचे जंतूच बदलले, हाड खाणाऱ्या रोगात असतात तसे झाले. नीट बसणारा भराव लावल्यावर ते पुन्हा निवळले.

मैत्रिणींनो, एवढा इतिहास सांगायचं कारण आहे. दाढ भरून ठणका थांबला की आपण काम झालं असं धरतो. जेवण अडकतं, तर काडी घालतो. रक्त येतं, तर मिश्री लावतो. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती हिरडीला आणखी बाधते. आणि पैसे दिलेत, आता पुन्हा कशाला विचारायचं, म्हणून गप्प बसतो.

गप्प बसू नका. किडलेली दाढ भरायलाच हवी, ती तशी ठेवणं जास्त वाईट. पण भरल्यावर त्याच दोन दाढांत रोज अन्न अडकत असेल, दात साफ करायचा दोरा तिथं फाटत असेल, तिथूनच रक्त येत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. सरळ विचारा, "कड बाहेर आलीय का? एक्स-रेत बघता का?" पुष्कळदा कड घासून गुळगुळीत करता येते, नाहीतर भराव बदलावा लागतो. सुजलेली हिरडी बरी होते. गेलेलं हाड मात्र सहसा आपोआप भरून येत नाही, म्हणून विचारायचं ते वेळेवर.